अकरा संडासांची गढी

वडिलांचा व्हिसा अडकला नव्हता. मी तो मागितलाच नव्हता.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, माझ्या हातची बिर्याणी खाऊन माझ्याच सोफ्यावर आडवे होणाऱ्या मित्रांना तर नाहीच. सगळ्यांची समजूत अशी, की ऑस्ट्रेलियाचं सरकार माझ्या बापाच्या मागे हात धुऊन लागलंय. अकोल्यात आमच्या कॉलनीच्या चहाच्या टपरीवर म्हातारे लोक या सरकारला आई-बहिणीवरून शिव्या द्यायचे. त्या शिव्या खरं तर माझ्या नावच्या होत्या. सरकार बिचारं कॅनबेरात बसून होतं. माझा बाप कोण हे त्याला माहीतही नव्हतं.

आणि हे सगळं एका फ्रेंच किल्ल्यापायी.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. बायको म्हणते, "तुझ्या तोंडातून वाक्य काढणं म्हणजे तळाला गेलेली लोणच्याची फोड काढण्यासारखं आहे." आता बरणी उघडलीच आहे, तर सगळंच काढतो.

सिडनीच्या क्वेकर्स हिल भागात आम्ही एका भाड्याच्या टाऊनहाऊसमध्ये राहतो. मी इथे आलो शिकायला, राहिलो एका वेअरहाऊसमध्ये शिफ्टा करायला. बायको फार्मसीत. मुलगी सोळा वर्षांची, म्हणजे घरात एक मॅजिस्ट्रेट आहे असं समजा. आमच्याकडे शनिवारचा एक कुळाचार आहे: विक्रीला काढलेली घरं बघायला जायचं. विकत घेण्याशी त्याचा काही संबंध नाही. चार मराठी कुटुंबं दोन गाड्यांतून निघायची, लोकांच्या बेडरूममध्ये शिरायची, त्यांच्या कपाटांना नाक मुरडायची, "किचन फारच डार्क आहे गं" असं मराठीत म्हणायची आणि एजंटला "लव्हली प्लेस, मेट, वी विल लेट यू नो" म्हणून बाहेर पडायची. नंतर कुणाच्या तरी घरी चहा आणि त्या परक्या घरावर दोन तास चर्चा. देवळात न जाणारी माणसं आम्ही, आमची प्रदक्षिणा ही अशी.

पुढे व्याजदर वाढले आणि घरं इतकी आवाक्याबाहेर गेली की बघायलाही लाज वाटू लागली. तेव्हा एका मित्राने ग्रुपवर लिंक टाकली. खाली लिहिलं होतं, "आपल्याकडच्या चार बेडरूमच्या भावात हे येतं बघ." हे म्हणजे फ्रान्सच्या कुठल्याशा खेड्यातला एक जुना किल्ला. चार बुरुज, कोरडा खंदक, कबुतरांसाठी वेगळा मनोरा, छोटं प्रार्थनाघर, अक्रोडाची झाडं, तबेला, आणि जमीन इतकी की आमच्या टाऊनहाऊसचं अख्खं कॉम्प्लेक्स तिथल्या भाजीच्या वाफ्यात बसलं असतं. ग्रुपवर सगळ्यांनी हसण्याचे इमोजी टाकले आणि विसरून गेले.

मी विसरलो नाही. लोक लपून जे बघतात ते सोडून मी लपून हे बघायला लागलो. बायको झोपली की फोन काढायचा आणि फ्रेंच माणसाचा तबेला बघायचा. बुरुजातला गोल जिना, खिडकीतून दिसणारी गाय, एका खोलीत कोपऱ्यात उभी केलेली शिडी. ती शिडी कुणी आणि का ठेवली असेल, यावर मी ट्रेनमध्ये विचार करत बसायचो.

आता वडील. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन जमाना झाला, पण अजूनही चार माणसं दारात थांबली की त्यांच्या तोंडून "पुढं सरका" निघतं. आई गेल्यापासून एकटेच राहतात, बहीण दोन गल्ल्या सोडून. दर रविवारी व्हिडिओ कॉल, बायको फार्मसीत असताना. त्यात हवापाणी नाही, तब्येत नाही, थेट एकच प्रश्न.

"घर झालं का?"

"बघतोय बाबा."

"पाहूनच राह्यला का बे तू? पाहाले गेला होता का तिकडं?"

कॉलनीतल्या सगळ्यांच्या पोरांची घरं झाली होती. पुण्यात, बंगळुरात, एकाचं तर कॅनडात. विहारात रविवारी वंदना झाली की म्हातारे आपापल्या पोरांच्या घरांचे फोटो काढायचे आणि माझा बाप चष्मा पुसत बसायचा. हे मला बहिणीने सांगितलं होतं. सांगायला नको होतं.

त्या रविवारी मी नाइट शिफ्ट करून आलो होतो. प्रश्न आला. समोर लॅपटॉपवर किल्ला उघडाच होता. मी फोन उलटा करून तिकडे धरला.

"हे घेतलं," मी म्हणालो.

पुढच्या क्षणी "मजा करतोय बाबा" म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर तयार होतं. पण बाबांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, पुन्हा लावला आणि फोन नाकाला चिकटवला. मला फक्त त्यांचा एक डोळा दिसत होता. बराच वेळ तो डोळा हलला नाही.

मग ते म्हणाले, "संडास किती?"

जाहिरात मला पाठ होती. "अकरा," मी म्हणालो.

"अकरा संडास!" ते म्हणाले. "आन माणसं तीन!"

आणि हसले. आई गेल्यावर त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. हसता हसता म्हणाले, "हे तर गढी हाये रे."

"फ्रेंच आहे बाबा," मी म्हणालो. सत्याकडे जाणारं ते माझं एकमेव पाऊल.

"फ्रेंच असो का जर्मन. हाये तर ऑस्ट्रेलियातच ना?"

आणि मी म्हणालो, "हो."

बस्स. एका अक्षराचा गुन्हा. बाकीचा सगळा त्याच्यावरचा मजला.

गढी का, ते सांगायला हवं. आमच्या मूळ गावात एक गढी होती. मातीची, पण गावाच्या मानाने किल्लाच. माझे आजोबा गावकीचे निरोप घेऊन तिथे जायचे. आत नाही, दारापर्यंत. गढीची भिंत दिसू लागली की चपला काढून हातात घ्यायच्या, दारात उभं राहून निरोप सांगायचा, आणि भिंत मागे पडली की पुन्हा घालायच्या. बाबा लहानपणी त्यांच्याबरोबर जात. हे ते कधी गळा काढून सांगत नाहीत. म्हणतात, "माह्या बापाच्या चपला लय टिकायच्या. निम्मा रस्ता तर त्या हातातच चालायच्या."

मजा अशी, की त्याच गढीच्या घराण्यातले एक काका आता आमच्या कॉलनीमागे भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. गढीवर मोबाइलचा टॉवर आहे. काका आणि बाबा रोज सकाळी टपरीवर एकाच बाकड्यावर बसतात. काका पेपर मोठ्याने वाचतात, बाबा प्रत्येक बातमीवर शेरा मारतात. त्या रविवारी फोन ठेवून बाबा सरळ टपरीवर गेले आणि गढीवाल्या काकांना सांगितलं की आता आमच्याकडेही एक आहे.

काकांनी म्हणे कपाळावर हात मारला. "पोराला म्हणा, विकून टाक. गढी म्हणजे म्हातारी सासू. रोज काहीतरी दुखतंय."

पण मग त्यांनाही चेव आला. शेवटी त्या विषयात अख्ख्या कॉलनीत त्यांच्याइतका अनुभवी कोणी नव्हता. दर रविवारी बाबांच्या तोंडून काकांचे सल्ले यायला लागले. छप्पर आधी बघ. विहिरीत कोण पडलं होतं का विचार. बुरुजात वटवाघळं असतील तर त्यांना हाकलू नको, डास खातात. आणि प्रश्न. विहिरीला पाणी किती? छपराचे कवेलू कशाचे? साप निघते का?

मला उत्तरं माहीत नसायची. मग मी काय केलं, तर त्या फ्रेंच एजंटबाईंना ईमेल करून विचारलं. मी एक गंभीर ग्राहक आहे, सिडनीला असतो, विहिरीबद्दल जाणून घ्यायला आवडेल. बाईंना इतका आनंद झाला की काय सांगू. आजवर सगळ्यांनी वायफायबद्दल विचारलं होतं, विहिरीबद्दल कोणी नाही. मालकीणबाई म्हणजे एक म्हाताऱ्या विधवा, त्यांना हा प्रश्न फारच भावला म्हणे. उत्तर आलं: विहीर खोल आहे, पाणी गोड आहे, कोणी पडलेलं नाही, १०० टक्के खात्री मात्र देता येत नाही. वटवाघळं आहेत. छप्पर स्लेटच्या दगडाचं, पश्चिमेकडे थोडं गळतं.

"पश्चिमेकडून गळतं बाबा."

"काका म्हणत होता! पश्चिमेकूनच गळते म्हणत होता!"

अकोल्यातला एक भाडेकरू, एक रिटायर कंडक्टर, फ्रान्समधली एक विधवा आणि क्वेकर्स हिलमधला मी, अशा चौघांनी मिळून आम्ही तो किल्ला चालवत होतो. इतकं सुरळीत चालू होतं की कधी कधी मला वाटायचं, घेतलाच आहे.

मग बाबा म्हणाले, "मले येऊन पाहाचं हाये."

त्यांना काचबिंदू होता. औषधं चालू होती, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: गेलेली नजर परत येत नाही, आहे ती किती टिकेल सांगता येत नाही. बाबांच्या भाषेत, "खिडकीचा पडदा दोन्हीकून सरकून राह्यला." ते म्हणाले, "उघडी हाये तवर पाहून घेतो. नातीले पाहतो, समुद्र पाहतो, गढी पाहतो. मंग बंद झाली तरी माह्यं काही म्हणणं नाई."

आणि त्यांनी बूट घेतले. चामड्याचे, तपकिरी, लेसवाले. जन्मभर सँडलवर नोकरी केलेला माणूस. बहिणीने फोनवर दाखवले. खोक्यात ठेवलेले, वर पातळ कागद. "गढीत बूट घालूनच जाणार म्हणतात," ती हसत म्हणाली. "कॉलनीत घालून दाखवा म्हटलं, तर नाही. पहिलं पाऊल तिथंच."

मी म्हणालो, "व्हिसाचं बघतो."

आणि बघितलं नाही.

खरं सांगू? सुरुवातीला मला वाटलं, दोन आठवड्यांत बोलू सगळं. मग वाटलं, दिवाळीनंतर. मग एका रविवारी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, "प्रोसेसमध्ये आहे." फार सोयीचा शब्द. त्यानंतर "आणखी कागद मागितलेत." नंतर "तुमच्या वयाच्या लोकांना वेळ लागतो." बायको विचारायची, तिलाही हेच. ती चिडून म्हणायची, "काय माणसं आहेत रे ही, एका म्हाताऱ्याला तीन महिने येऊ देत नाहीत." मी मान हलवून भाजी चिरायचो. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. अकोल्यात बूट खोक्यात होते आणि पडदा सरकत होता.

मधेच एक दिवस किल्ला विकला गेला. एजंटबाईंनी फार हळहळून कळवलं. एक इंग्रज जोडपं लग्नसमारंभांसाठी घेत होतं. आपण वेळेत निर्णय घेतला असता तर, वगैरे. मी वेअरहाऊसच्या टॉयलेटमध्ये बसून ते वाचलं आणि मला खरोखर राग आला. लग्नसमारंभ! आमच्या गढीत! त्या रविवारी बाबांनी विचारलं, "पश्चिमेकडचं छप्पर केलं का नीट?" मी म्हणालो, "केलं." विकलेल्या किल्ल्याची डागडुजी मी पुढे कित्येक महिने चालू ठेवली.

शेवटी फोन आला तो गढीवाल्या काकांचा. त्यांनी मला आयुष्यात कधी फोन केला नव्हता.

"बाळा," ते म्हणाले, "तुझ्या वडलांनी आज चहाचा ग्लास बाकड्याच्या बाहेर ठेवला. पडला, फुटला. म्हणतात, हात घसरला. हात नाही घसरला. तुमच्या त्या सरकारात कुणाची ओळख नाही का रे? काही देऊन-घेऊन होत असेल तर मी बोलू का कुणाशी?"

ज्या दारात माझे आजोबा चपला हातात घेऊन उभे राहायचे, त्या दारातला माणूस माझ्या बापासाठी लाच द्यायला तयार होता. आणि मी इथे सरकार बनून बसलो होतो.

त्याच दिवशी अर्ज केला. व्हिसा इतक्या लवकर आला की मला लपवावासा वाटला.

बायकोला किल्ल्याचं सांगणं भाग होतं. बाबा येण्याच्या आठवडाभर आधी, ती पोळ्या करत असताना सांगितलं.

"बाबांना वाटतं, आपल्याकडे एक किल्ला आहे."

तिने लाटणं थांबवलं नाही. "आपल्याकडे ड्रायर नाहीये," ती म्हणाली.

मग सगळं सांगितलं. व्हिसाचं सोडून. तिने गॅस बंद केला. "विमानतळावरून गाडीत बसले की पहिलं वाक्य हे बोलायचं. बाबा, मी खोटं बोललो. एवढंच. जमेल?"

मुलगी जिन्यावरून ऐकत होती. "डॅड, दॅट्स लिटरली फ्रॉड," ती म्हणाली.

विमानतळावर बाबा व्हीलचेअरमधून आले. मला त्यांनी माझ्या आवाजावरून ओळखलं. नातीच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "नाक माह्यावर गेलं का इचं? मले नीट दिसत नाई, सांग बरं." मांडीवर एक पिशवी होती, आत खोकं. गाडीत बसलो. पहिलं वाक्य मी बोललो ते, "भूक लागली का बाबा?"

दोन दिवस ते टाऊनहाऊसला गेस्ट हाऊस समजत राहिले. "हे भाड्यानं हाये ना? मंग गढीत कधी जाचं?"

बायको स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघायची. मी कामावर निघून जायचो. मग मी जे केलं, ते आमच्यासारखी माणसंच करू शकतात. संकट आलं की दुसरे लोक देव आठवतात, मी शनिवारची इन्स्पेक्शनं बघितली. सिडनीबाहेर हॉक्सबरीच्या बाजूला, मोठ्या जमिनीवर, एक घर विकायला होतं. "फ्रेंच शैलीतला राजेशाही निवास." कुणा बिल्डरने स्वतःसाठी बांधलेला. एक बुरुज, दोन सिमेंटचे सिंह, एक कारंजं. शनिवारी अर्धा तास सगळ्यांना खुलं.

"मी येणार नाही," बायको म्हणाली. "तुझ्या किल्ल्याची राणी व्हायला मला वेळ नाही, माझी शिफ्ट आहे." दारातून पुन्हा वळून म्हणाली, "अजूनही सांग त्यांना. त्यांना राग येईल, जेवणार नाहीत एक दिवस. संपलं."

मुलगी आली, कारण तिला लायसन्ससाठी गाडी चालवण्याचे तास भरायचे होते. ती चालवत होती, मी बाजूला, बाबा मागे. त्यांनी बूट घरातूनच घातले होते. चालताना करकर वाजत होते आणि ते मुद्दाम जोरात पाय टाकत होते. रस्ताभर खूश. "पोरगी बस चांगली चालवते," ते म्हणाले. "ब्रेक मात्र आमच्या पातूर डेपोच्या ड्रायव्हरसारखी मारते."

उतरलो. बाबांनी माझा दंड धरला. कारंज्यापाशी थांबले, मान वर करून उजेडाकडे पाहिलं. आकार तेवढा दिसला असावा. "बुरुज," ते म्हणाले. मी हो म्हणालो. पायऱ्या चढलो. दारात एजंट, तरुण, टाय लावलेला, हातात आयपॅड.

"हाऊ यू गोइंग, गाइज? शूज ऑफ प्लीज. क्रीम कार्पेट, सॉरी."

दाराशी लोकांच्या चपला-बुटांचा ढीग पडला होता. मला हे माहीत असायला हवं होतं. शेकडो शनिवार आम्ही हेच करत आलो होतो, न सांगता बूट काढणारे आम्हीच. मराठी माणसाला घरात शिरताना पायातलं काढायला सांगावं लागत नाही. त्यामुळे ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

"काय म्हणते तो?" बाबांनी विचारलं.

मुलीने तिच्या मोडक्या मराठीत सांगितलं, "आजोबा, शूज काढायचे. आत जायला."

बाबा थांबले. "कोणाच्या घरी?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. एजंट हसत होता. मागे एक चिनी जोडपं थांबलं होतं. अजूनही वेळ होता. त्या पायरीवर "बाबा, हे आपलं नाही" असं म्हणून, त्यांना बुटांसकट गाडीत बसवून घरी नेता आलं असतं. किंवा निदान त्या पोराला सांगता आलं असतं, की हा माणूस बूट घालूनच आत जाणार, कार्पेटचं काय ते मी बघतो.

"आपल्या," मी म्हणालो. आणि खाली वाकलो. "थांबा बाबा, मी काढतो."

लेसची गाठ त्यांनी घट्ट मारली होती. दोन वर्षं वाट पाहिलेल्या माणसाची गाठ. ती सोडवायला मला वेळ लागला. त्यांनी तोल जाऊ नये म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. बूट काढून मी ढिगात ठेवायला गेलो, तर ते म्हणाले, "इकडं दे."

आणि बूट हातात घेऊन आत गेले.

पूर्ण घर त्यांनी तसंच पाहिलं. डाव्या हातात बूट, उजवा हात भिंतीवर. एका ठिकाणी थांबून भिंतीवर बोटाने टकटक केली. पोकळ वाजली. नातीला म्हणाले, "संडास दाखव बरं." ती त्यांना एकेका बाथरूमच्या दाराशी नेत होती, ते आत हात घालून टाइल्स चाचपत होते, आणि लोक बाजूला होत होते. खाली आले तेव्हा मी जिन्यापाशी उभा होतो.

"पाच झाले," बाबा म्हणाले. "बाकीचे सहा इकले का?"

मी हसलो. खरंच हसलो, कारण दुसरं काय करावं कळेना. तेही हसले, पण थोडं उशिरा.

परतताना मुलगी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून रडत होती, आवाज न करता. बाबांनी बूट मांडीवर घेतले होते. विंडसर रोडला लागल्यावर मागून म्हणाले, "छप्पर मात्र चांगलं हाये. गळत नसंन."

त्यानंतर तीन महिने ते आमच्याकडे राहिले आणि गढी हा शब्द एकदाही निघाला नाही. समुद्रावर नेलं. लाटांचा आवाज ऐकून म्हणाले, "मोठा असंन." नातीने तिच्या परीने मराठी सुधारली, त्यांनी तिला टपरीवरच्या चार शिव्या शिकवल्या. जाताना बूट नेले नाहीत. "राहू दे तुह्यापाशी," म्हणाले. "सामान जड होते." ते बूट आता आमच्या दाराशी, शू-रॅकच्या वरच्या कप्प्यात आहेत. बायको त्यावरून धूळ झटकते आणि माझ्याकडे न बघता परत ठेवते.

मागच्या रविवारी बहिणीने टपरीवरूनच फोन लावला. फोन बाकड्यावर तिरका पडला होता, मला नुसतं आभाळ आणि पत्रा दिसत होता. फोन लागलाय हे बाबांना माहीत नव्हतं. कुणीतरी विचारलं, गढी कशी होती हो, सांगितलं नाही तुम्ही.

"मोठी हाये," बाबांचा आवाज आला. "पण तिकडचा रिवाज असा, मालकही बूट काढूनच जाते. साफसफाईचं लय हाये त्याईचं."

गढीवाले काका म्हणाले, "हे बरं आहे. आमच्याकडे हा रिवाज असता, तर गालिचे वाचले असते." सगळे हसले. "आणि ते सरकार हो? एवढा उशीर काहून लावला?" आणखी कुणीतरी विचारलं.

बाबा म्हणाले, "सरकारचं काय. असते त्याची काही अडचण."

मी फोन बंद केला.

हे मी लिहून सांगतोय, याचं कारण फार थोर नाही. लिहिलेलं बाबा आता वाचू शकत नाहीत, म्हणून. तेवढा भित्रेपणाही याच कबुलीत धरावा. पण काका त्यांना रोज सकाळी छापलेलं सगळं वाचून दाखवतात, अगदी जाहिरातींसकट, आणि हे छापून आलं तर तेही वाचतील. मधेच थांबतील, बाबा म्हणतील, "पुढं वाच." म्हणून मला त्यांच्या कानावर पडेल असं शेवटचं साधं वाक्य लिहून ठेवायचं आहे.

बाबा, व्हिसा सरकारने नाही, मी अडवला होता. डोळे चांगले असतानाचे तुमचे दोन उन्हाळे माझ्याकडे बाकी आहेत, आणि ते मला फेडता येणार नाहीत.